खेळघराची वही : जून ते ऑक्टोबर

३ जून

आजपासून वेगळी वही. जागा तीच, बेळगावजवळच्या उचगावच्या पुढं चंदगडच्या वाटेवरच्या आमच्या गावात देवळामागचा सोपा, म्हणजे ओसरी. वेळ चार ते सहा. पोरं सोळा, सगळ्यात धाकटं पावणेदोन वर्षांचं, सगळ्यात थोरली सात वर्षांची. अकरा मराठी घरांतली, पाच कन्नड.

पोरांची नावं वहीत लिहायची नाहीत, टोपणनावं ठेवलीत. धाकटी ती चिमणी. पाच वर्षांचा एक अखंड बोलतो, तो रेडिओ. सात वर्षांची ती आक्का, तिच्या कडेवर कायम भाऊ असतो. आज नवीन आलेली चार वर्षांची पोरगी बैलहोंगलकडची, वडील काजूच्या फॅक्टरीत कामाला लागलेत. केसात मल्लिगेचा गजरा माळून आली होती, म्हणून ती मल्लिगे. मराठी तिला एक शब्द येत नाही. दोन तास भिंतीला टेकून उभी होती.

वहीत तीन रकाने आखले : मदत, वाटणं, धीर देणं. आपण या तिन्हीला मिळून ‘गुणी पोर’ म्हणतो आणि तिथंच चुकतो. समोरच्याला काय करायचंय हे ओळखणं, त्याच्याकडं काय नाही हे ओळखणं आणि त्याला काय दुखतंय हे ओळखणं ही तीन वेगळी कामं आहेत. एक जमतं त्या वयात दुसरं जमेलच असं नाही.

स्वतःसाठी नियम एकच : सांगायचं नाही. ‘दे त्याला’, ‘उचल जा’ असं तोंडातून येऊ द्यायचं नाही. पाच महिने.

१० जून

पाऊस अजून धरला नाही म्हणून सोप्यासमोर दोरी बांधून फडकी वाळत घातली. हातातला चिमटा सोडला, वाकले, हात लांब केला, पोचत नाही असं दाखवलं. तोंडानं काही मागितलं नाही.

चिमणी वाळूत बसली होती. तिनं आधी चिमट्याकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं, मग माझ्या तोंडाकडं. दोन्ही तळहात फ्रॉकला पुसले. उठली, तोल सावरत आली, चिमटा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि परत वाळूत जाऊन बसली. शाबासकीसाठी थांबली नाही.

हा प्रयोग माझा नव्हे. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या २४ पोरांसमोर असेच प्रसंग मांडले, ते २००६ साली छापून आलं. कपडे वाळत घालताना पडलेला चिमटा, दोन्ही हात भरलेले असताना बंद असलेलं कपाटाचं दार. २४ पैकी २२ पोरांनी निदान एकदा तरी मदत केली, तीही कुणी न मागता. त्यातली गोम अशी की मोठ्या माणसानं तोच चिमटा मुद्दाम फेकला तर पोरं सहसा आणून देत नव्हती. म्हणजे ती नुसती वस्तू उचलत नव्हती, समोरच्याचा बेत ओळखत होती.

थोड्या वेळानं मीही एक चिमटा भिरकावून दिला. चिमणीनं मान वर करून पाहिलं आणि वाळू चाळत राहिली.

मला हे मनापासून लिहायचंय : आपण म्हणतो की पोराला मदत करायला ‘लावायला’ पाहिजे. पावणेदोन वर्षांच्या पोरीला कुणी लावलं होतं?

१४ जून

पाऊस. पाचच पोरं. नोंद नाही.

१९ जून

वाटण्याचा रकाना अजून जवळजवळ कोरा आहे. आज शेंगांची चिक्की दिली, मुद्दाम काहींना दोन, काहींना एकही नाही. तीन-चार वर्षांची पोरं चिक्की घेऊन सरळ कोपऱ्यात गेली. रेडिओ शेजारच्याला समजावून सांगत होता, “वाटून खावं. एकट्यानं खाल्लं की पोटात दुखतंय.” सांगता सांगता दोन्ही वड्या त्यानं संपवल्या.

मला राग आला होता. घरी येऊन वाचलेलं आठवलं तेव्हा गेला. स्वित्झर्लंडमध्ये एर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी तीन ते आठ वर्षांच्या २२९ पोरांना विचारलं होतं : एक तुला एक त्याला, की दोन्ही तुला? तीन-चार वर्षांच्या पोरांत दहातलं एखादं पोर वाटून घ्यायला तयार झालं. सात-आठ वर्षांच्यांत जवळजवळ निम्मी. हे २००८ सालचं. पुढं २०१३ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात तर अगदी आमचा रेडिओच आहे. तीन वर्षांच्या पोरांनाही ‘सारखं वाटावं’ हा नियम माहीत होता, सांगताही येत होता, आणि तरी हातात स्टिकर आल्यावर जास्त आपल्यापाशीच राहत होते.

तेव्हा तीन वर्षांच्या पोराला ‘हावरं’ म्हणणं बंद. आपल्या गावात हा शब्द फार लवकर चिकटतो आणि लग्नापर्यंत सुटत नाही.

आक्का मात्र शाळेत अंड्याऐवजी मिळालेलं केळं दप्तरात ठेवून घरी आणते, भावासाठी. काळं पडलेलं असतं. सोलते, अर्धं त्याला देते, अर्धं खाते. सात वर्षांची आहे ती.

२८ जून

चूक झाली, ती लिहून ठेवते. सोमवारपासून जो मदत करेल त्याला लिमलेटची गोळी द्यायला लागले. मला वाटलं, पोरं पटापट शिकतील. पहिल्या दिवशी पाट उचलायला सगळीच धावली. दुसऱ्या दिवशी केरसुणीवरून मारामारी, एकाच्या कपाळाला टेंगूळ. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून तांदळाचं सूप निसटलं, दाणे सोपाभर झाले, आणि रेडिओनं जागेवर बसूनच विचारलं, “टीचर, गोळी हाय काय?” नाही म्हटल्यावर उठला नाही. चिमणी एकटी एक-एक दाणा टिपत होती. तिला अजून गोळीचा हिशेब कळत नाही.

मला ठाऊक असायला हवं होतं. त्याच वार्नेकन-टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या पोरांवर नंतर केलेलं काम मी वाचलं होतं. ज्यांना मदतीबद्दल वस्तू मिळाली ती पोरं पुढं, वस्तू मिळायची बंद झाल्यावर, कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदत तशीच चालू राहिली. वाचलेलं होतं तरी गोळ्यांचा पुडा आणलाच. आज तो बंद करून घरी ठेवला.

८ जुलै

भाताची लावणी सुरू. निम्मी पोरं आईबरोबर शेतात, म्हणून मीही आज बांधावर गेले. इकडं माणसं पैऱ्यानं लावणी करतात : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कन्नड घरांत त्यालाच मुय्याळ म्हणतात. दोन भाषांत नाव आणि रान एकच.

बांधावर जे दिसलं ते सोप्यात कधी दिसलं नव्हतं. तीन वर्षांचा एकजण तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी पाण्यातून ओढत आईपर्यंत नेत होता. निम्म्या मुठी सुटून वाहून जात होत्या. आई रागावली नाही. पुन्हा बांधून “आण की अजून” एवढंच म्हणाली. तो तासभर थकला नाही. सोप्यात मी त्याला ‘मदतीचा खेळ’ देते तेव्हा दहा मिनिटांत कंटाळतो. खेळातली मदत खोटी असते हे त्याला कळतं.

१९५० च्या दशकात बीट्रिस आणि जॉन व्हाइटिंग यांच्या गटानं सहा देशांतल्या पोरांचं निरीक्षण केलं, त्यात आपल्या उत्तर प्रदेशातलं खलापूरही होतं. जिथं पोरांच्या वाट्याला घरातली खरी कामं आणि धाकटी भावंडं येत होती, केनियातल्या गावासारखी, तिथली पोरं दुसऱ्याला आधार द्यायला जास्त पुढं येत होती. अमेरिकेतल्या गावातल्या पोरांत ते कमी दिसलं.

पण इथं थांबावंसं वाटतं. आक्का त्याच बांधावर भावाला घेऊन बसली होती, चार तास. तिच्या वयाचे दोन मुलगे ओढ्यात खेकडे धरत होते. हिला कुणी विचारलं नव्हतं. मदत आणि राबणूक यात रेघ आहे, आणि ती रेघ मुलीच्या बाजूला कायम पुसलेली असते. तिच्या आईशी बोलायचं ठरवलं. (११ जुलै : बोलले. आई म्हणाली, “मग पोराला बघायचं कुणी, बाई?” उत्तर माझ्यापाशी नव्हतं. शनिवारी भाऊ माझ्याकडं ठेवायचा असं ठरलं.)

१८ जुलै

आज जे लिहितेय ते गेल्या सहा दिवसांचं आहे. रोज एका पोराकडं शेंगांची बुट्टी (टोपली) देऊन वाटायला सांगितलं. कसं वाटायचं ते सांगितलं नाही. मराठी पोरानं वाटलं की बुट्टी आधी मराठी पोरांकडं फिरते, कन्नड पोरानं वाटलं की कन्नड पोरांकडं. सहाही दिवस. मल्लिगेपर्यंत बुट्टी पोचते तेव्हा तळाची माती आणि फुटकी टरफलं उरलेली. तिनं एकदाही मागितलं नाही. ओंजळ धरून उभी राहते आणि मग हळूच हात मागं घेते.

घरात कुणी शिकवलं असेल, असं आधी मनात आलं आणि वाईट वाटलं. या भागात भाषेवरून मोठ्यांनी काय काय भोगलंय ते सगळ्यांना माहीत आहे, ते इथं लिहीत नाही. पण पोरांच्या बाबतीत मूळ त्याच्याही आधीचं आहे. कॅथरिन किन्झलर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बॉस्टन आणि पॅरिसमधल्या दहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर दोन बायका दाखवल्या, एक इंग्रजी बोलणारी, एक फ्रेंच. दोघींनी सारखंच खेळणं पुढं केलं. बाळांनी जास्त वेळा आपल्या घरातल्या भाषेत बोलणारीकडूनच खेळणं घेतलं. पाच वर्षांची पोरं मैत्रीसुद्धा आपली भाषा बोलणाऱ्याशीच करायची निवडत होती.

म्हणजे हा वैरभाव नव्हे. ओळखीचा आवाज जिकडं, तिकडं पोर वळतं. पण मल्लिगेच्या ओंजळीत माती पडते ती पडतेच. ओळखीचा आवाज वाढवायचा कसा, हा आता खरा प्रश्न.

२४ जुलै

पाट तयार करायला घेतला. कल्पना २०११ सालच्या एका प्रयोगाची. कॅथरिना हामान, टोमासेलो वगैरेंनी तीन वर्षांच्या पोरांच्या जोड्यांना एक फळी दिली होती. फळीला एकच दोरी, टोकं दोन. दोघांनी एकदम ओढलं तर फळी पुढं येते, एकट्यानं ओढलं तर दोरी निसटून हातात येते. फळी आली की एकाच्या पुढ्यात तीन बक्षिसं, दुसऱ्याच्या पुढ्यात एक.

जेवणाचा जुना पाट घेतला. मागच्या बाजूला दोन खिळे मारून सुतळी फिरवली, दोन कोपऱ्यांवर दोन वाट्या बसवल्या. पहिल्या दिवशी सुतळी खिळ्यात अडकली. दुसऱ्या दिवशी पाटच उलटा झाला. सुतारकाकांनी खिळे काढून लाकडी खुंट्या बसवल्या, खालून मेण चोळलं. पैसे घेतले नाहीत.

सोप्याच्या शहाबादी फरशीवर आता छान सरकतो.

२७ जुलै

पाऊस लागून राहिलाय, ओढ्याला पाणी. दहा पोरं आली.

रेडिओ आणि मल्लिगे समोरासमोर नव्हे, शेजारी बसले. रेडिओनं आपलं टोक एकट्यानं ओढलं, सुतळी सरसर येऊन त्याच्या मांडीवर पडली. परत ओवून दिली. परत तेच. तिसऱ्या वेळी मल्लिगेनं आपलं टोक दोन्ही मुठीत धरून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “एळी.” दोन महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. रेडिओनं विचारलं, “काय म्हणालीया ही?” मी गप्प. ती पुन्हा म्हणाली, “एळी, एळी,” आणि तिनं ओढून दाखवलं. “ओढ म्हणालीया!” रेडिओ ओरडला. मग दोघंही, एक ‘ओढ’ एक ‘एळी’, आणि पाट सरकत आला.

तिच्या वाटीत तीन शेंगा, त्याच्या वाटीत एक. रेडिओ, पहिल्यांदाच, काही बोलला नाही. मल्लिगेनं तिन्ही शेंगा हातात घेतल्या, एक निवडली, अंगठ्यानं दाबून बघितली भरलेली आहे का, आणि त्याच्या वाटीत टाकली. दोन आणि दोन.

पुढच्या फेरीला मी त्याच्या बाजूला तीन ठेवल्या. त्यानं दोन लगेच मुठीत घेतल्या. तिसरी वाटीतच राहिली. तो तिच्याकडं पाहात होता, ती पाटाकडं. बऱ्याच वेळानं त्यानं ती तिसरी ढकलत तिच्या वाटीपाशी नेली. हातात दिली नाही, ढकलली. पण नेली.

सगळ्याच जोड्यांचं असं झालं नाही. तीन वर्षांच्या दोघांनी सुतळीच तोडली. एका जोडीत मोठ्यानं चारही घेतल्या. तरी पाच जोड्यांपैकी तिघांनी सारखं केलं. त्याच पोरांना मी नंतर काही न करता तीन आणि एक अशा शेंगा दिल्या, तेव्हा एकानंही केलं नाही. हामान यांनाही असंच दिसलं होतं. मिळून कमावलेलं असलं की तीन वर्षांचं पोरही सारखं वाटतं. आयतं मिळालं की ते ज्याच्या पुढ्यात पडलं त्याचं.

एक भीती होती तीही लिहिते. २०१५ साली सात देशांतल्या पोरांचा एक अभ्यास छापून आला, त्यात भारतही होता. ‘मला कमी का’ हा राग सातही ठिकाणी सापडला. ‘मला जास्त का’ ही टोचणी फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडातल्या मोठ्या पोरांत. ते वाचून मला वाटलं होतं की आपल्याकडं पोरांत हे येतच नसेल. आज रेडिओची ती ढकललेली शेंग बघितली. त्या अभ्यासातल्या पोरांपुढं वाटा आयता येत होता. इथं तो दोघांनी मिळून ओढून आणला होता.

पैरा फेडणारी माणसं हे फार आधीपासून जाणतात.

९ ऑगस्ट, नागपंचमी

चिंचेला झोका. मल्लिगेच्या आईनं डबाभर उंडी (लाडू) पाठवल्या, शेंगांच्या आणि तिळाच्या. आमच्याकडून लाह्या. झोक्याच्या पाळीवरून भांडण होईल म्हणून मी तयारीत होते, पण आक्कानं मोजायला सुरुवात केली : दहा झोके मराठीत, दहा कन्नडमध्ये, मग उतरायचं. ओंदु, एरडु, मूरु. आयदुनंतर मराठी पोरं अडखळत होती, तेवढा झोका जास्त मिळत होता, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

२२ ऑगस्ट

पालकांची बैठक. अकरा आया, दोन वडील, एक आज्जी. बहुतेकांचं म्हणणं एकच : आमचं पोर कुणाला काही देत नाही, तुम्ही द्यायला लावा.

मी नताली चर्न्याक आणि तमार कुश्निर यांच्या २०१३ सालच्या कामाबद्दल सांगितलं, साध्या शब्दांत. तीन-चार वर्षांच्या पोरांसमोर एक उदास बाहुलं. काही पोरांना सांगितलं, ‘हा स्टिकर त्याला द्यायचाच.’ काहींना विचारलं, ‘तू ठेवतोस की त्याला देतोस?’ ज्यांनी स्वतः ठरवून दिलं त्या पोरांनी पुढं दुसऱ्या बाहुल्यालाही जास्त दिलं. ज्यांना द्यायला लावलं त्यांनी कमी. एक आई म्हणाली, “आणि न्हाई दिलं तर? पाव्हण्यासमोर लाज जातीया.” खरं आहे. पाहुण्यासमोर आपण पोराच्या हातातून काढून देतो ते आपल्या लाजेपायी. पोराच्या शिकण्याशी त्याचा संबंध नसतो.

आज्जी सगळ्यात शेवटी बोलली. “द्यायचं तर आधी पोराच्या हातात त्याचं म्हणून काय तरी असू दे. समदं आईच्या हातात, मग पोर देणार काय? आईचा हात?” यावर बराच वेळ बोलणं झालं. ठरलं ते असं की रोज एक वस्तू, मूठभर चुरमुरे का होईना, पोराची स्वतःची. ती ठेवायची की वाटायची ते त्यानं ठरवायचं आणि घरातल्या कुणी डोळे वटारायचे नाहीत.

सप्टेंबर

गणपतीचे दिवस, सोपा बंद. मी अर्धा महिना आजारी. दोनच नोंदी.

४ सप्टेंबर : रेडिओनं बुट्टी वाटली. अजूनही आधी आपल्या दोस्तांना, पण दोस्तांत आता मल्लिगे दुसरी.

२५ सप्टेंबर : पडलेल्या पोराला मल्लिगेनं धीर दिला, कन्नडमध्ये. पोर मराठी. रडू थांबलं. त्यानंतर कितीतरी वेळ तो तिच्या ओढणीचं टोक धरून बसला होता. तिसऱ्या रकान्यात भाषा लिहायची जागाच मी ठेवली नव्हती, आज ठेवली.

१२ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी पोरं पानं घेऊन घरोघर. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” आणि “बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण”, दोन्ही एका दमात, समोर कोण आहे ते न बघता.

चिमणी आता दोन वर्षांची झाली. तिच्या मुठीत पाच-सहा पानं होती, घामानं ओली झालेली. मला एक दिलं. हसली, सगळे दात दाखवून. मग हात पुढं केला, परत मागितलं. दिलं. ते तिनं आक्काच्या भावाला दिलं, परत हसली. व्हँकुव्हरला लारा अकनिन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आतल्या पोरांचे चेहरे असे टिपले होते, २०१२ साली आलं ते. खाऊ मिळताना पोरं हसली त्याहून स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुल्याला देताना जास्त हसली. चिमणीची पानं संपेपर्यंत मी तिच्या मागं मागं फिरले. शेवटचं पान तिनं देवळातल्या नंदीच्या पायाशी ठेवलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

१५ ऑक्टोबर

पाटाची सुतळी झिजली, मधे एकच पेड उरलाय. पोरांनी परवाच गाठ मारून वापरायला सुरुवात केली होती, गाठ खुंटीत अडकते. नाड्याची दोरी टिकेल असं सुतारकाका म्हणाले. आक्काच्या भावासाठी बसका, लहान पाट सांगितलाय.